दुभत्या गाईच्या लाथा

‘दुभत्या गाईच्या लाथा गोड’ ही म्हण आपल्या संसारात इतकी मुरलेली आहे की, तिच्यात एखादा नैतिक सिद्धांत दडलेला असेल अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. मिळवता मुलगा तापट असला, गिऱ्हाइकांची रीघ लागलेला कारागीर तोंडाळ असला, हातगुणाचा वैद्य विक्षिप्त असला, की आपण ही म्हण उच्चारतो, हसतो व पुढे चालू लागतो. हसण्याजोग्या गोष्टींपुरती ती खरीही आहे. परंतु अमेरिकेतील एका विख्यात खगोलशास्त्रज्ञाची हकीकत वाचीत असता ही म्हण आमच्या मनात पुनःपुन्हा येऊ लागली, आणि तिच्याकडे आपण आजवर नीट पाहिलेच नाही असे आम्हांस वाटू लागले. लाथ खाणारा आणि दूध पिणारा हा एकच मनुष्य आहे, असे ही म्हण गृहीत धरते. तो एकच नसेल तर?

जेफ्री मार्सी हे त्या शास्त्रज्ञाचे नाव. १९८२ साली कॅलिफोर्नियातील सांता क्रूझ येथे त्यांनी डॉक्टरची पदवी मिळविली. परंतु त्यानंतरचा काही काळ त्यांनी अत्यंत खिन्नतेत काढला. आपण या शास्त्राच्या योग्यतेचे नाही, इतरांपुढे आपली बुद्धी तोकडी आहे, असे त्यांस वाटे. एके दिवशी सकाळी स्नान करीत असता त्यांच्या मनात आले की, बुडायचेच असेल तर निदान लहानपणापासून ज्या प्रश्नाने आपणांस झपाटले आहे त्याच्या मागे लागून बुडावे. सूर्याखेरीज इतर ताऱ्यांनाही ग्रह आहेत काय, हा तो प्रश्न. ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितली आहे, आणि ती वाचून आम्हांस त्यांच्याविषयी आपुलकी वाटली हे आम्ही लपवीत नाही. त्या काळी असल्या ग्रहांचा शोध घेणे म्हणजे थोरामोठ्यांत जवळजवळ चेष्टेचा विषय होता. स्वतःच्या अपयशाची खात्री पटलेला एक तरुण हा विषय हाती घेतो, यात काहीतरी मनास भिडणारे आहे.

असा ग्रह दुर्बिणीतून दिसत नाही. ताऱ्याच्या झगझगाटात तो बुडून गेलेला असतो. पण ग्रह ताऱ्याभोवती फिरतो तेव्हा ताराही स्वस्थ राहत नाही; ग्रहाच्या ओढीने तो किंचित डोलतो. गुरूच्या ओढीने आपला सूर्य सेकंदास सुमारे १२ मीटर वेगाने, म्हणजे एखाद्या निष्णात धावपटूच्या वेगाने, डोलत असतो, आणि असा एक झोका पुरा होण्यास जवळजवळ १२ वर्षे लागतात. कित्येक प्रकाशवर्षे दूर असलेल्या ताऱ्याची ही हालचाल, त्याच्या वर्णपटातील काळ्या रेषा किती सरकल्या यावरून ओळखावयाची. त्यासाठी मोजपट्टी हवी. ताऱ्याचा प्रकाश आयोडीनच्या वाफेने भरलेल्या काचेच्या कुपीतून नेला म्हणजे आयोडीनच्या असंख्य रेषा त्यावर उमटतात, आणि तीच मोजपट्टी होते. ही युक्ती साधण्यात मार्सींचा विद्यार्थी पॉल बटलर याचा मोठा वाटा होता. त्याने पूर्वी रसायनशास्त्राचे शिक्षण घेतलेले होते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

१९८७ पासून गुरुशिष्यांची ही जोडी लिक वेधशाळेत ताऱ्यांचे वर्णपट घेत राहिली. ऑक्टोबर १९९५ मध्ये बातमी आली ती मात्र स्वित्झर्लंडहून. मिशेल मेयर व दिदिए केलोझ यांनी महाश्व तारकासमूहात, आपल्या पूर्वाभाद्रपदेच्या दोन ताऱ्यांजवळच, ‘५१ पेगासी’ या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती केवळ सव्वाचार दिवसांत प्रदक्षिणा करणारा ग्रह शोधला होता. इतक्या त्वरेने फिरणारा मोठा ग्रह असेल अशी कोणाची कल्पनाच नव्हती. मार्सी व बटलर यांनी काही दिवसांतच तो पडताळून पाहिला. मग आपली आठ वर्षांची टिपणे उघडली, तो कन्या राशीतील एका व सप्तर्षींतील एका ताऱ्याचा ग्रह त्यांच्याच पेटीत पडून असलेला आढळला! जानेवारी १९९६ मध्ये त्यांनी ते दोन्ही जाहीर केले. सूर्यमालेबाहेरचे जे पहिले १०० ग्रह मनुष्यास कळले, त्यांपैकी ७० याच मंडळीने शोधलेले होते. १९९९ साली मार्सी बर्कलीच्या विद्यापीठात गेले, २००५ साली त्यांस मेयर यांच्यासमवेत शॉ पारितोषिक मिळाले, आणि नोबेलच्या संबंधात त्यांचे नाव उघडपणे घेतले जाऊ लागले.

आता दुसरी बाजू. चार स्त्रियांच्या तक्रारींवरून बर्कलीच्या विद्यापीठाने चौकशी केली व ती जून २०१५ मध्ये पुरी झाली. २००१ ते २०१० या काळात मार्सी यांनी लैंगिक छळासंबंधीचे विद्यापीठाचे नियम मोडले, असा तिचा निष्कर्ष होता. विद्यार्थिनींस नको असलेली अंगलट, चुंबने, चोळणे असे त्या वर्तनाचे स्वरूप होते. अधिक तपशील देण्याची आम्हांस इच्छा नाही. या निष्कर्षावर विद्यापीठाने काय केले? यापुढे असे वर्तन घडल्यास तत्काळ शिक्षा होईल, अशी लेखी समज त्यांस दिली. निलंबन नाही, बडतर्फी नाही. रीतसर शिक्षेचा मार्ग लांबलचक व अनिश्चित होता, पुढील प्रतिबंधाच्या दृष्टीने हाच उपाय खात्रीचा होता, असे समर्थन विद्यापीठाने मागाहून केले. ऑक्टोबरमध्ये ‘बझफीड’ या वृत्तसंस्थेने हे प्रकरण उजेडात आणले. त्याच सुमारास मार्सी यांनी क्षमापत्र प्रसिद्ध केले. प्रत्येक तक्रार आपणांस मान्य नाही, तथापि आपले वर्तन काही स्त्रियांस नकोसे झाले हे स्पष्ट आहे, असा त्याचा आशय होता. त्यांच्याच विभागातील प्राध्यापकांनी, यापुढे ते आपले काम करू शकणार नाहीत, असे जाहीरपणे लिहिले. बातमी फुटल्यापासून आठवडा उलटण्यापूर्वीच त्यांनी राजीनामा दिला.

जूनपासून ऑक्टोबरपर्यंत या प्रकरणात नवे असे काय घडले, हा प्रश्न आम्ही स्वतःस पुष्कळ वेळा विचारला. नवा पुरावा पुढे आला म्हणून विद्यापीठाने आपला निर्णय बदलला, असे नाही. चौकशीचा निष्कर्ष जूनमध्ये होता तोच होता. बदलले ते एवढेच की, जे चार भिंतींआड ठाऊक होते ते सर्वांस ठाऊक झाले. जी दया एकांतात योग्य वाटत होती ती चव्हाट्यावर येताच लाजिरवाणी वाटू लागली. खरी दया चारचौघांत करण्यास मनुष्य लाजत नाही. तेव्हा ती दया नव्हती. तो गोठ्याचा हिशेब होता.

हा हिशेब कसा चालतो, हे कळण्यास खगोलभौतिकीत एखाद्या तरुणाची वा तरुणीची वाटचाल कशी असते ते पाहिले पाहिजे. प्रबंधास पाच-सहा वर्षे लागतात. त्यानंतर कायमची जागा मिळत नाही. दोनतीन वर्षांची एक नेमणूक, मग दुसरी, कधी तिसरीही, आणि प्रत्येक खेपेस बहुधा नवे गाव अथवा नवा देश. या प्रत्येक पायरीवर तीन जणांची शिफारसपत्रे मागविली जातात, व त्यांत प्रबंधाच्या मार्गदर्शकाचे पत्र नसेल तर त्याची अनुपस्थितीच बोलते. हे पत्र उमेदवारास दाखवावयाचे नसते. त्यात निंदा असण्याचीही गरज नाही. उत्साह थोडा कमी असला की पुरे. मोठ्या दुर्बिणी जगात मोजक्या. त्यांवर कोणास किती रात्री द्यावयाच्या हे ठरविणारी मंडळीही मोजकी व परस्परांच्या परिचयाची. परदेशातून आलेल्या विद्यार्थिनीचा तर त्या देशात राहण्याचा परवानाही विद्यापीठातील तिच्या स्थानावर अवलंबून असतो. अशा स्थितीत ‘तिने त्याच वेळी तक्रार का केली नाही?’ असे विचारणारास शिफारसपत्र म्हणजे काय हे ठाऊक नसावे, असेच आम्हांस वाटते.

आपणांस हे समजण्यास खरे तर कठीण जाऊ नये. गुरूस देव मानणाऱ्या समाजास गुरूच्या सत्तेची जाणीव उपजतच असते. पण त्या जाणिवेचा आपण कसा उपयोग करतो पाहा. एकलव्याची कथा मुलांस सांगताना आपण त्याच्या गुरुभक्तीचे गोडवे गातो. अंगठा कापून देणारा आदर्श ठरतो. अंगठा मागणारासंबंधी बोलण्याची वेळ आली की आपला आवाज उतरतो, राजधर्म, प्रतिज्ञा, अर्जुनास दिलेले वचन असली कारणे आपण पुढे करू लागतो. त्या कथेत द्रोणाचार्यांस अर्जुनाचे अद्वितीयत्व राखावयाचे होते, म्हणजे तेथेही असामान्य गुणांच्याच नावाने कोणाचा तरी हात अधू करण्यात आला. अंगठ्याबरोबर जी विद्या गेली तिचे पुढे काय झाले असते, हे महाभारत सांगत नाही.

असामान्य बुद्धीस थोडी मोकळीक असावी, हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ आहे असे आम्ही म्हणत नाही. कवीच्या बाबतीत तरी त्याला काही अर्थ आहे. कालिदास जन्मला नसता तर शाकुंतल दुसऱ्या कोणाकडून लिहून घेता आले नसते. पण विज्ञानाची गोष्ट निराळी आहे, आणि नवल असे की, हा युक्तिवाद विज्ञानाच्या मंदिरातच सर्वांत जोराने ऐकू येतो. कन्या राशीतील त्या ताऱ्याभोवतीचा ग्रह मार्सी यांनी निर्माण केला नाही. तो तेथे होताच. त्यांनी पाहिला नसता तर दुसऱ्या कोणी दोन, चार किंवा दहा वर्षांनी पाहिला असता; पहिला ग्रह तर त्यांच्याआधी जिनीव्हाच्या मंडळीने पाहिलाही. ते विद्यापीठातून गेल्यावर ग्रहांचा शोध थांबला नाही; आज ज्ञात ग्रहांची संख्या हजारोंनी मोजली जाते. शोध थोड्या उशिराने का होईना लागतो. पंचविसाव्या वर्षी एखाद्या मुलीने सोडलेले शास्त्र तिला पस्तिसाव्या वर्षी सहसा परत मिळत नाही. तेव्हा भरून न येणारे नुकसान कोणते, हे ठरविताना आपण तराजूची पारडी उलटी धरली आहेत.

दूध कोण देते, हेही एकदा पाहिले पाहिजे. बटलरची आठवण आम्ही वाचकांस ठेवण्यास सांगितली होती ती यासाठी. मोजपट्टीची ती युक्ती शिष्याकडून आली. ५१ पेगासीचा ग्रह प्रथम ज्याच्या नजरेस पडला तो केलोझ त्या वेळी मेयर यांच्या हाताखाली प्रबंध लिहीत होता. २०१९ साली दोघांस नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. १९६७ साली केंब्रिज येथे दुर्बिणीच्या कागदी नोंदी वाचताना जोसलिन बेल या विद्यार्थिनीस एक विचित्र खूण दिसली व त्यातून स्पंदमान ताऱ्यांचा शोध लागला. १९७४ चे नोबेल पारितोषिक तिच्या मार्गदर्शकास व मार्टिन राइल यांस मिळाले, तिला नाही. त्याहीपूर्वी १९२५ साली सिसिलिया पेन या तरुणीने तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले आहेत असे आपल्या प्रबंधात दाखविले, आणि हेन्री नॉरिस रसेल या थोर पंडिताच्या आक्षेपामुळे हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा असे तिला स्वतःच्याच हाताने लिहावे लागले. चार वर्षांनी रसेल स्वतः त्याच निष्कर्षाला आले. या साऱ्या गोष्टी एका जातीच्या नाहीत. बेल व पेन यांच्यावर झालेला अन्याय आणि बर्कलीतील विद्यार्थिनींचा छळ यांत फार अंतर आहे. तरी सर्वांतून एक गोष्ट उघड होते की, या शास्त्रात पुष्कळ वेळा नवे जे दिसते ते नवशिक्यालाच दिसते. म्हणजे ज्यांना लाथा बसतात त्यांच्यातच कित्येक दुभती गुरे असतात. त्यांचे दूध गोठ्यात येण्यापूर्वीच आटते, म्हणून वहीत लिहिले जात नाही.

येथे एक विलक्षण विसंगती आमच्या ध्यानात येते. न दिसणाऱ्या ग्रहाचे वजन ताऱ्याच्या सूक्ष्म डोलण्यावरून काढणारे हे शास्त्र. सेकंदाला तीन मीटर एवढा फरकही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. परंतु एखाद्या विभागातून चांगल्या चांगल्या मुली प्रबंध अर्धवट टाकून जातात, कोणी विषय बदलते, कोणी परिषदेस जाणे सोडते, जुन्या विद्यार्थिनी नव्यांस हळूच बजावतात की अमुक गृहस्थांबरोबर एकटी बसू नकोस, हे डोलणे वर्षानुवर्षे कोणास मोजावेसे वाटत नाही. मार्सी यांच्यासंबंधी अशी कुजबुज त्यांच्या क्षेत्रात पुष्कळ दिवस चालू होती, असे मागाहून अनेकांनी सांगितले. मागाहून! कुजबुज करणे हा निर्बळांचा नाइलाज होता; ती ऐकूनही गप्प बसणारे सबळ होते.

मग त्या सत्तर ग्रहांचे काय करावे, असा प्रश्न काही सज्जन माणसे कळवळून विचारतात. याचे उत्तर आम्हांस कठीण वाटत नाही. ग्रह राहतील. त्यांची मापे वापरावी, ज्या निबंधांत ती आली त्यांचा निर्देशही करावा. सत्य कोणाच्या मुखातून आले यावर त्याचे सत्यत्व अवलंबून नसते. पण सत्य आणि सत्कार या दोन वस्तू निराळ्या आहेत. सत्य हे निसर्गाचे, सत्कार हा समाजाचा; जो समाज देतो तो परतही घेऊ शकतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीची स्थापना १८६३ सालची. पण असल्या वर्तनाबद्दल सभासदास काढून टाकण्याची तरतूदच तिच्या नियमांत नव्हती. ती २०१९ साली करण्यात आली, आणि मे २०२१ मध्ये त्या नियमाखाली सभासदत्व गमावणारे मार्सी हे पहिले ठरले. एवढ्या विद्वानांच्या सभेस हा नियम सुचण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली!

तथापि वृत्तपत्रांनी न्याय करावा, हेही आम्हांस रुचत नाही. बातमी फुटल्यावर जो कल्लोळ होतो त्यात चौकशीने सिद्ध झालेले व न झालेले यांची सरमिसळ होते, आरोपीच्या कुटुंबीयांची होरपळ होते, आणि तक्रार करणाऱ्या स्त्रीचीही अब्रू वेशीवर टांगली जाते. खोटा आरोप हीसुद्धा जगात घडणारी गोष्ट आहे; म्हणूनच चौकशी हवी. गुप्ततेची आवश्यकता यातूनच उत्पन्न होते. आपल्याकडील २०१३ च्या कायद्याचे सोळावे कलम तक्रारदार स्त्री, प्रतिवादी व साक्षीदार यांची ओळख आणि चौकशीतील मजकूर प्रसिद्ध करण्यास मनाई करते; न्याय मिळाल्याची वार्ता मात्र नावनिशी न देता सांगता येते. हे कलम निर्बुद्धपणाचे आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्या मुलीस अजून वीस वर्षे त्याच क्षेत्रात काढावयाची आहेत तिला हा आडोसा हवाच. पण आरोप सिद्ध झाल्यानंतर हाच आडोसा कोणाच्या उपयोगी पडतो? जी गुप्तता तक्रारदाराच्या रक्षणार्थ उभारली, तिच्यातच मुरलेला अपराधी पुढल्या विद्यार्थिनीची वाट पाहत बसू शकतो. बर्कलीत जूनपासून ऑक्टोबरपर्यंत हेच झाले. या पेचाचे संपूर्ण उत्तर आमच्यापाशी नाही. सिद्ध झालेल्या अपराधाची माहिती निदान त्या गृहस्थाच्या हाताखाली येऊ घातलेल्या विद्यार्थ्यांस मिळालीच पाहिजे, एवढे मात्र आम्हांस निःसंशय वाटते.

२०१८ साली अमेरिकेतील विज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यक यांच्या राष्ट्रीय अकादमींनी या विषयावर एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. अंगलटीपेक्षाही स्त्रियांस तुच्छ लेखणारे बोलणे व वागणे हाच छळाचा सर्वांत नित्य प्रकार आहे; छळ घडेल की नाही हे व्यक्तीच्या स्वभावापेक्षा संस्थेच्या हवेवरून अधिक कळते; आणि कायद्याची कलमे पाळल्याचे कागद तयार ठेवल्याने तो थांबत नाही, असे त्यात म्हटले आहे. त्यातील एक सूचना आम्हांस विशेष महत्त्वाची वाटली. विद्यार्थ्याचे सर्व भवितव्य एकाच मार्गदर्शकाच्या मुठीत असू नये. मार्गदर्शक एकाहून अधिक असावेत, आणि अभ्यासवृत्तीचा पैसा त्या एका प्राध्यापकाच्या थैलीतून न येता विभागाकडून यावा. यात नीतीचा उपदेश नाही, दाव्याची गाठ कोठे बांधावी एवढेच आहे. परंतु गोठ्यात एकच खुंटा असण्याने किती अनर्थ होतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस तिचे मोल कळेल.

आपल्या मुलींस व मुलांस संशोधनासाठी परगावी किंवा परदेशी धाडणारी कुटुंबे आमच्या वाचकांत पुष्कळ असतील. निघण्यापूर्वी घरात चौकशी होते ती अभ्यासवृत्ती किती, थंडी किती, जेवणाखाणाची सोय कशी याची. आणि मार्गदर्शकाविषयी एवढीच की, ते किती मोठे आहेत, त्यांचे किती निबंध छापले गेले, त्यांस कोणती पारितोषिके मिळाली. गेल्या दहा वर्षांत त्यांच्याकडे आलेल्यांपैकी किती जण प्रबंध पुरा न करता निघून गेले, व त्यांत मुली किती, हे कोणी विचारीत नाही. कोण कधी दाखल झाले व कोणास कधी पदवी मिळाली, हे विद्यापीठाच्या दप्तरात असतेच. दोन याद्या शेजारी ठेवून पाहण्याचे काम एका दुपारचे आहे. हा आकडा मागितला तर समोरचा कारकून प्रथम गोंधळून पाहील, कदाचित साहेबांस विचारून येतो म्हणून आत जाईल. त्याने बाहेर येईपर्यंत थांबावे.